ओळ दोनशे बारा

पोस्टरवर पानांचे कंस. अकरा.
प्रत्येक कंसात एका गावाचं नाव,
जिथे या चित्रपटासाठी लोक उठून उभे राहिले.
एका ठिकाणी म्हणे नऊ मिनिटं टाळ्या.
नऊ मिनिटं हात दुखत नाहीत का, असं
वैजयंती उकिडव्यांना विचारलं तर म्हणाल्या,
तू फक्त बटण वेळेवर दाब.

मुलुंड पूर्व. शाळेचं सभागृह.
एकतीस माणसं, त्यातली चार वड्यांसाठी आलेली.
मोठ्या पडद्याखाली दुसरा, पंच्याएवढा अरुंद,
त्यावर माझं मराठी:
चार महिने, रात्री, ओट्यावरची भांडी आवरल्यावर केलेलं.
दोनशे बारा ओळी.

स्पेनच्या दक्षिणेला कुठेतरी एक मिठागर.
आई आहे. मुलगी आहे.
बाप फोटोतसुद्धा नाही.
दोन तास दोघी मीठ ओढतात
आणि जे बोलायचं ते सोडून
बादली, वारा, पाव, उद्या, याविषयी बोलतात.
शेवटी मुलगी बॅग घेऊन दारात,
आई ढिगाकडे तोंड करून,
पाठमोरी, एकच शब्द म्हणते:
सल.

त्यांच्या भाषेत सल म्हणजे मीठ.
आणि सल म्हणजेच, नीघ.

तिकडच्या समीक्षकांची यावर भांडणं झालेली.
निम्मे म्हणाले, हाकललं.
निम्मे म्हणाले, वाटेसाठी शिदोरी दिली.
दिग्दर्शिकेला मंचावर विचारलं
तर ती बराच वेळ पाणी प्यायली.
तिला ते परवडतं.
माझी पाटी कोरी राहून चालत नाही.
तीन रविवार मी 'मीठ' लिहिलं, खोडलं.
चौथ्या रविवारी लिहिलं 'नीघ'
आणि लॅपटॉप मिटला.

मध्यंतर नव्हतं, त्यामुळे वडे निवले.
मग चर्चा.
पै सर म्हणाले, मिठाचा ढीग म्हणजे सत्ता.
एक मुलगा म्हणाला, कॅमेरा हललाच नाही, काय धाडस.
मागून कोणीतरी: झोप मात्र छान लागली.
हसले सगळे. मीही, थोडं उशिरा.

पंख्यांच्या बटणांपाशी हसुराम भोईर उभा होता,
शाळेचा शिपाई, भांडुपच्या आगरात
अठरा उन्हाळे काढलेला.
त्याला कोणी काही विचारलं नाही.
खुर्च्या एकात एक घालताना तो म्हणाला,
"ढीग खोटा हाय.
एवढा पांढरा मीठ पहिल्या दिशी निगत नाय.
पन बाईची टाच खरी. ती कुटून आणली?"

मग चार खुर्च्या झाल्यावर,
"शेवटाला ती सल बोलली ना?
मना नीट आयकू आला. आपलाच सल.
मग तुमी खाली 'नीघ' कशाला लिवला?"

मी त्याला समजावणार होते
की ती भाषा वेगळी, तो शब्द वेगळा,
कानाला सारखा वाटतो इतकंच.
तोंड उघडलं
आणि काट्याचं टोक आत राहून
वरून कातडी जुळून यावी,
तसं काहीतरी बोटाला लागलं.
मी वायर गुंडाळत राहिले.
त्याची पोर कुठे असते, हे मी विचारलं नाही.
पोर आहे का, तेही नाही.
बाहेर पडेपर्यंत त्याने पंखे बंद केले होते,
एकेक करून,
शेवटचा बराच वेळ नुसता फिरत होता.

पार्ल्याच्या खेळाआधी फाइल उघडली.
दोनशे बारावी ओळ. 'नीघ' पुसलं.
दोन अक्षरं. कानामात्रा नाही. पूर्णविराम.

पार्ल्याला सत्तर माणसं होती. टाळ्या झाल्या,
मिनिटं मोजण्याइतक्या नाहीत.
अभिप्रायाच्या डब्यात एकच चिठ्ठी,
शाईच्या पेनाने, सुंदर वळणदार अक्षरात:
शेवटच्या ओळीचं भाषांतर
करायचं राहून गेलं आहे.
संबंधितांनी कृपया लक्ष द्यावे.